सरकवलेले ठिपके

...आणि हा इथे कसा? एवढासा निळा ठिपका, मोहरीहून जरासा मोठा, आणि बसलाय कुठे तर कुणाच्या तरी छपरावर, पाण्याच्या टाकीला टेकून, ऐटीत. गटाराच्या चेंबरचं झाकण छपरावर! तिनं माउसचं चाक फिरवून चित्र जवळ ओढलं, आणखी जवळ ओढलं. नकाशाखाली घातलेल्या, विमानातून काढलेल्या फोटोत टाकीचा गोल दिसायला लागला, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसायला लागले, आणि झाकण आपलं तिथंच. शेजारचं झाकण परसातल्या झाडात. त्याच्या पुढचं एका भिंतीच्या बरोब्बर मधोमध. शहराच्या मध्यभागी चित्र नेलं तर सगळी झाकणं शहाण्यासारखी रस्त्यात, ओळीनं. आणि जसजसं कडेला जावं तसतशी एकेक वाट चुकत, वळत, लोकांच्या घरांत घुसलेली. कपाळ माझं, ती स्वतःशीच म्हणाली, आणि चहाचा कप तोंडाला लावला तर तो रिकामा.

म्हणजे मुकादम खोटं बोलत नव्हता. सकाळी सकाळी त्याचा फोन — बाई, तुमच्या नकाशावर बघून खणलं, एका माणसाची घराची पायरी फोडली, खाली नुसती माती, आणि तो माणूस आता आमच्या अंगावर धावून येतोय, त्याला काय सांगू? साहेबांनी ते ऐकून 'आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी' म्हणून घेतलं, हसले, आणि केबिनमध्ये गेले. साहेबांना हसायला काय जातंय. नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासले' या शब्दापुढे सही तिला करायचीय, आणि संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळपर्यंत. सगळ्यांना सगळं संध्याकाळपर्यंतच हवं असतं. टेबलावर उताणा पडलेला फोन मघाशी थरथरला होता तो दादाचा — 'चिमे, आज संध्याकाळपर्यंत नक्की सांग. डॉक्टर थांबत नाहीत.' डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांना आईचं घर हवंय, दवाखान्यासाठी. घेतल्याबरोबर मधल्या भिंती पाडणार, स्वयंपाकघराच्या जागी ती पाठ मागे टाकायची खुर्ची बसवणार. आई म्हणाली, तुम्ही दोघं ठरवा, मी सही करते. दादा म्हणाला, आई तुझ्याकडे राहते, तेव्हा तूच सांग — रमली असेल तर देऊन टाकू, नसेल रमली तर घर राहू दे. बस्स, तिच्या एका शब्दावर आलं होतं. एक 'हो'. किती सोपं.

तिनं बिनधास्तला हाक मारली.

बिनधास्त हे काही त्याचं नाव नव्हे. काहीही विचारा, 'बिनधास्त टाका मॅडम' म्हणतो, म्हणून ऑफिसनं पाडलेलं. मुलगा हुशार, हात चलाख, आणि डोक्यात एक क्षणही शंका म्हणून नाही — या शेवटच्या गोष्टीचा तिला हेवा वाटायचा, आज मात्र कानाखाली द्यावीशी वाटत होती. तो खुर्चीसकट घरंगळत आला.

"हा सर्व्हे जुन्या प्रोजेक्शनमध्ये आला होता ना? आपल्या प्रोजेक्शनमध्ये कसा आणलास?"

"डिफाइन केलं की मॅडम."

"डिफाइन केलंस. बदललं नाहीस?"

"तेच ना ते."

"तेच नाही ते!"

आजूबाजूच्या दोन माना वळल्या. तिनं आवाज खाली आणला. किती जणांना, किती वेळा हे शिकवायचं, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच सौजन्य... पृथ्वी गोल, पडदा सपाट. फुटक्या चेंडूचं रबर जमिनीवर दाबून सपाट करायला बसलात तर ते कुठेतरी ताणणार, कुठेतरी दुमडणार. काय ताणू द्यायचं नि काय सांभाळायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्याला प्रोजेक्शन म्हणतात — शाळेच्या पुस्तकात प्रक्षेपण. एका ठरवण्यातले आकडे दुसऱ्या ठरवण्यात चालत नाहीत. मग दोन आज्ञा असतात. एक कॉम्प्युटरला नुसतं सांगते, की हे आकडे अमक्या पद्धतीचे आहेत असं समज. आकड्यांना ती हातही लावत नाही. दुसरी एकेक आकडा घेऊन नव्या पद्धतीत नव्यानं मोजते. पहिली म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर मीठ लिहून ठेवलं म्हणून साखर खारट होते का रे? नाही ना? मग?

"पहिल्यांदा सगळं तळ्यात गेलं होतं मॅडम," तो मनापासून सांगायला लागला, "अख्खं गटार तळ्यात! मग मी उचलून आणलं."

"उचलून?"

"माउसनं. आधी मधला भाग बसवला रस्त्यांवर. मग बाजूचे थोडे थोडे सरकवले, बसतील तसे. कडेचे राहिले असतील एखाद-दुसरे."

"आणि मूळ फाइल?"

"त्यावरच सेव्ह केलं ना. दोन-दोन फायली कशाला उगाच?"

चिठ्ठी चुकली तर चिठ्ठी काढता येते — चूक मोठी असते, अख्खं गटार तळ्यात जाण्याइतकी मोठी, पण एकसारखी असते, सगळ्यांची सारखीच, आणि म्हणून उलटी फिरवता येते. हे सरकवणं मात्र... कुठला ठिपका किती सरकवला, कुठल्या दिशेला, एकदा की तीनदा — त्याच्या हाताला तरी आठवणार आहे का? सगळं बसल्यासारखं दिसावं म्हणून केलेलं. आणि दिसतंही होतं बसल्यासारखं! मध्यभागी बघणाऱ्याला काय कळणार? कडेला जाऊन बघतो कोण, तर ज्याची पायरी फुटली तो.

"बिनधास्त सही करा मॅडम, कडेला फारसं कुणी राहत नाही," तो म्हणाला आणि घरंगळत परत गेला.

कडेला फारसं कुणी राहत नाही. वा.

सकाळपासूनच बिनसलं होतं खरं तर. आई बाथरूममधून बाहेर आली, केसांतून पाणी गळतंय, अंगावर गाऊन, आणि डावीकडे वळून आपल्या खोलीत जायचं ते उजवीकडे वळली, सरळ चालत गेली आणि घराचं पुढचं दार उघडलं. समोर लिफ्टची वाट बघत शेजारचे काका, टाय लावून. काका बिचारे 'सॉरी सॉरी' म्हणत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, जणू तेच कुणाच्या न्हाणीघरात शिरले होते. आई हसली. आईला हसू येतंय हे बघून तिची तार सटकली. आई, अगं किती वेळा! सहा महिने झाले, किती वेळा सांगायचं, डावीकडे, डावीकडे! — आणि आईनं दार लावून घेतलं, टॉवेलनं मान पुसली आणि म्हणाली, "अगं हो, तिकडे उजवीकडे होती ना खोली."

तिकडे. दिवसातून पन्नास वेळा तिकडे. तिकडे दिव्याचं बटण दाराच्या बाहेर होतं, म्हणून आई इथे बाहेरची भिंत चाचपते. तिकडे पलंगाच्या उशाशी कोनाडा होता, म्हणून आई हातातलं पुस्तक बाजूला ठेवते ते हवेत ठेवते आणि ते धप्पकन खाली. डोकं शाबूत आहे, सगळ्या तपासण्या करून झाल्या. शब्दकोडं आजही शेवटच्या चौकोनापर्यंत सोडवते, जावयाच्या चुका काढते. तपासणारे डॉक्टर म्हणाले, सवय होईल. नवरा म्हणाला, अगं वेळ दे. आणि तिनं काय केलं? दारांवर कागद चिकटवले. मोठ्या अक्षरांत — बाथरूम, आईची खोली, बाहेर. प्रिंटरवर छापून, चारी कोपऱ्यांना टेप लावून. आईनं चष्मा लावून सगळे कागद वाचले, एक फेरी मारली, प्रदर्शन बघावं तशी. "छान केलंस. पण मला वाचता येतं गं," ती म्हणाली, "पायांना कुठे येतं?"

मला तेव्हा राग आला होता. अजून येतो. इतका खटाटोप करायचा, ऊन येणारी खोली काढून द्यायची, गादी नवी, पडदे तिच्या आवडीच्या रंगाचे, आणि तिचे पाय मात्र तिकडे. रोज रोज तिकडे. 'हे तुझंच घर आहे आई' — पहिल्याच दिवशी म्हणाले होते मी, सामान उतरवता उतरवता, टेम्पोवाल्यासमोर. आई 'हो गं' म्हणाली होती. मग आणखी काय करायचं असतं माणसानं?

दुपारी दादाचाच फोन आला. ऑफिसच्या जेवायच्या खोलीत कुणी नव्हतं, नुसता फ्रिज घुरघुरत होता.

"काय ठरलं चिमे?"

"संध्याकाळी सांगते म्हटलं ना."

"अगं त्यात सांगायचं काय आहे? दर रविवारी तूच तर म्हणतेस रमली म्हणून. आता कुठे घोडं पेंड खातंय?"

दर रविवारी. हो, म्हणते. पहिल्या रविवारी म्हणाले, रमेल हळूहळू. दुसऱ्या रविवारी, रमतेय. मग आईनं खालच्या बागेत एका बाईशी ओळख काढली तेव्हा म्हणाले, मस्त रमली! ती बाई महिन्यात मुलाकडे निघून गेली, ते सांगायचं राहिलं. आई जेवण कमी करायला लागली तेव्हा म्हणाले, इथलं पाणी मानवलंय, वजन आटोक्यात आलंय. खोटं नव्हतं त्यातलं काही... एकेक वेळी थोडंसंच. दादाला बरं वाटावं म्हणून. दादाला? की फोन ठेवल्यावर मला बरं वाटावं म्हणून?

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला. "हे बघ, आईचा जीव अडकलेला असेल तिथं, तर मी डॉक्टरांना नाही म्हणतो. खरंच म्हणतो. मला घाई नाही, त्यांना आहे. पण एकदा भिंती पडल्या की पडल्या, मग म्हणू नकोस."

"दादा, तू एकदा आईलाच विचार ना."

"विचारलं. म्हणाली, हिला विचार."

तिनं फोन ठेवला. आईला विचारलं तर आई म्हणते हिला विचार, हिला विचारलं तर ही म्हणते आईला विचार. मध्ये दातांचे डॉक्टर हातोडा घेऊन उभे. तिला दादाचा राग आला — लांबून प्रेमळ व्हायला याचं काय जातं? उंटावरून शेळ्या हाकतोय. मग त्याचाही राग येईना. दादा वाईट नाही. वाईट कुणीच नाही, हीच तर पंचाईत. एखादा वाईट असता तर त्याच्यावर खेकसून मोकळं होता आलं असतं.

साहेबांच्या केबिनमध्ये मात्र ती खेकसलीच. सही करणार नाही म्हणाली. कडेचा सगळा भाग पुन्हा जाऊन मोजावा लागेल, आणि मध्यभागही तपासावा लागेल, कारण तो बसलाय की बसवलाय हे आता कुणीच सांगू शकत नाही.

"पुन्हा सगळं?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, नकाशाच आहे तो. जमीन थोडीच हललीय?"

"तेच म्हणतेय मी. जमीन नाही हलली. आपण नकाशा हलवलाय."

"दोन-चार हातांचा फरक. 'स्थाने अंदाजे' अशी एक ओळ टाका खाली, आणि द्या सोडून."

"त्या पायरीवाल्याला वाचून दाखवू ती ओळ?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि मवाळ आवाजात म्हणाले, "घरी काही आहे का? बरं नाही का वाटत? जा तुम्ही आज लवकर. उद्या बघू." आणि ही त्यांची दया तिला सगळ्यात जास्त झोंबली. बाईमाणूस चिडलं की घरी काहीतरी असतं. पण असतं हे खरं, म्हणून तर झोंबतं. सही न करताच ती निघाली; उद्या साहेब स्वतः करतील, किंवा बिनधास्तकडून करून घेतील... करू देत.

रस्त्यावर अजून लख्ख उजेड होता. इतक्या लवकर ती कधी या रस्त्यानं आलीच नव्हती. शाळा सुटलेली, दुकानांपुढे सायकली, फुटपाथवर खडूनं आखलेल्या घरांत मुली लंगडी घालत होत्या. जाता जाता तिची नजर खालीच. एक झाकण. आणखी एक, कडा उचकटलेलं. ही आपापल्या जागी निवांत, यांना कुणी सांगितलेलंही नाही ती कुठे आहेत. कोपऱ्यावर ती न बघता वळली, खड्डा न बघता चुकवला, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून न मोजता बाहेर पडली, अंधाऱ्या पॅसेजमध्ये हात आपोआप दिव्याच्या बटणावर गेला. किती वर्षं लागली होती या हाताला? तिला काही आठवेना. आणि आईला सहा महिन्यांतच जमायला हवं!

आई स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती. स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून. तिकडे खिडकी पाठीशी होती. इथे तशी बसली की समोर फ्रिज येतो आणि स्वतःचीच सावली ताटात पडते, पण सांगून उपयोग नाही. आणि आज तिनं सांगितलंही नाही.

"लवकरशी?"

"हाकललं."

"बरं केलं. बस. हात धू आणि सोलायला लाग."

तिनं हात धुतले. सकाळचं काहीतरी बोलायला हवं होतं, ओरडले ते, पण ते तोंडात येता येता दुसरंच आलं. "आई, दादाला आज सांगायचंय. घराचं."

"मग सांग की."

"काय सांगू? तू रमलीयस का?"

आईनं एक शेंग उकलली, आत किडलेला दाणा निघाला, तो बाजूला ठेवला. "रमायला काय मी सहलीला आलेय?"

"आई, थट्टा नको. नीट सांग. तुला परत जायचंय का?"

"छे गं. तिकडे आता कोण आहे? दोन दिवस भिंतींशी बोलेन, तिसऱ्या दिवशी भिंती बोलायला लागतील."

"म्हणजे रमलीस."

"नाही रमले."

इतकं सरळ. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. दिवसभराचा संताप उसळून वर आला, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "अगं मग मी काय करू? काय कमी पडतंय ते तरी सांग! खोली बदलू? पलंग फिरवू? कोनाडा करून घेऊ भिंतीत? तिथंही नको, इथंही रमत नाहीस, दादाला मी काय सांगू, सांग ना!"

"ओरडू नकोस. घर देऊन टाका," आई म्हणाली. "बंद घराला वाळवी लागते, त्यापेक्षा लोकांचे दात तरी निघतील. पण मी रमले म्हणून देऊ नका. ते खोटं आहे. तुझ्या दादाला म्हणावं, म्हातारी तिकडेही नाही नि इकडेही नाही, मध्येच कुठेतरी आहे, आणि बरी आहे. न रमताही राहता येतं माणसाला. जेवते, झोपते, तुझी बोलणी खाते. अजून काय हवं?"

मध्येच कुठेतरी. दादाच्या प्रश्नात याला जागा नव्हती — रमली तर देऊ, नाही रमली तर ठेवू. रमली नाही आणि तरीही देऊ, हे कुठे बसवायचं? आणि उद्या भिंती पडल्यावर आई रात्रीची उठून बसली तर? कुणी सांगितलं म्हणून पाडल्या, तर हिनं. मी. माझ्या शब्दावर.

"तू कसं केलंस?" आई शेंगांकडे बघत म्हणाली.

"मी काय केलं?"

"लग्न होऊन इथे आलीस तेव्हा. दर आठवड्याला फोन यायचा तुझा. मी विचारायचे, रमलीस ना गं? तू म्हणायचीस, हो, मस्त रमले. फोन ठेवला की तुझे बाबा विचारायचे, काय म्हणते? मी सांगायचे, रमले म्हणते."

"म्हणते?"

"म्हणतेस म्हणून म्हणते. आवाज कळत नाही होय मला? जन्म दिलाय."

मटाराचा एक दाणा सुटून ओट्याखाली गेला. ती खाली वाकली नाही. तिला एकदम ती वर्षं दिसली... हेच स्वयंपाकघर, सासूबाईंचे डबे, कुठल्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय न कळणारं, आणि ती ओट्याशी उभी, फोन कानाला, आवाजात हसू भरून — मस्त गं आई, सगळे छान आहेत — आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत. कुणी विचारलं नव्हतं. किंवा आई विचारत होती दर आठवड्याला, आणि मीच...

"तुला कळत होतं, मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलून काय करणार होते? घेऊन जाणार होते परत?" आईनं पुढची शेंग घेतली. "वाटायचं, म्हणता म्हणता होईल खरं. होतं कधीकधी. नाही होत कधीकधी."

ओट्यावरचा फोन थरथरत सरकायला लागला. दादा. दोघींनी त्याच्याकडे बघितलं. आईनं ताटातली सालं एका बाजूला लोटली, आणि सहज, काही विशेष नाही अशा सुरात विचारलं,

"आणि आता? आता रमलीस?"

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं, इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळते — आणि हो आलंच नाही. नाही पण आलं नाही. फोन वाजत होता, आई वाट बघत होती, आणि दोघांना द्यायला माझ्याजवळ एकसुद्धा शब्द नव्हता. आणि सकाळपासून छातीत धरून ठेवलेला तो राग, तो नेमका कुणावर होता तेच मला आठवेना.